खिडकीतल्या त्या बाटलीबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या मशीनच्या, सर्व्हिसिंगला आला होता. ऑइल आणि फिल्टर बदलायचे, एवढंच तुमचं काम. ते आटोपल्यावर तुम्ही रिसीव्हरच्या (दाबलेली हवा साठवायच्या टाकीच्या) ड्रेनखाली, जिथून साचलेलं पाणी सोडतात तिथे, एक रिकामी बाटली धरलीत, भरून खिडकीत ठेवलीत आणि म्हणालात, "उद्या सकाळी बघ."

सकाळी बाटलीतलं पाणी ताकासारखं पांढुरकं होतं. तीन दिवसांनीही तसंच. म्हणजे त्यात तेल मिसळलेलं होतं. 'हवेतलं पाणी' म्हणत कित्येक वर्षं आम्ही ते पावसाळी गटारात सोडत होतो. ती नळी मीच जोडलेली, त्यामुळे फार लागलं मनाला.

तुम्ही रागावला नाहीत. फोनवर हिशेब करवून घेतलात. सात बार दाबाला आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते आणि ती थंड झाली की बाष्पाचं पाणी होतं. 30 अंश तापमान, 70 टक्के आर्द्रता, मिनिटाला 10 घनमीटर हवा ओढणारं मशीन. हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरमधलं पाणी धरून तासाला जवळपास 12 लिटर! त्यात कॉम्प्रेसरच्या स्क्रूचं तेल, पाइपातला गंज, हवेबरोबर आलेली धूळ. पाणी पांढरं का, तेही उलगडलंत. टायमरचा ड्रेन दणक्यात उघडतो, तेल-पाणी घुसळलं जातं आणि तेल वर यायचं नावच घेत नाही. त्यात आम्ही टॉप-अपला हाताला येईल ते तेल ओतायचो.

मी लगेच तेल-पाणी वेगळं करणारा सेपरेटर मागवायला निघालो होतो. तुम्ही थांबवलंत. आधी एकच तेल, आधी पातळी बघून उघडणारा ड्रेन. काही आठवड्यांनी बाटलीत तवंग वर आणि पाणी खाली दिसलं, तेव्हा कुठे हो म्हणालात. आधीच बसवला असता, तर त्यातला तेल शोषणारा कार्बन बघता बघता निकामी झाला असता.

आणि मग तो प्रश्न, जो आम्हाला कुणीच विचारला नव्हता: "वापरलेला कार्बन कुठे टाकणार?" तेलाने माखलेला कार्बन आणि वेगळं काढलेलं तेल हा घातक कचरा, तो नोंद करून परवानाधारकाकडेच द्यायचा. सेपरेटरचं पाणीसुद्धा तपासून, परवानगी असेल तिथेच सोडायचं. ती गटारातली नळी मी त्याच दिवशी काढली.

या कशाचंही बिल तुम्ही लावलं नाहीत. काका, मनापासून आभार.

आता दर सोमवारी आमचा नवा ऑपरेटर सेपरेटरखाली बाटली धरतो आणि तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्याच्या बाटलीशेजारी उजेडात लावून बघतो. जरा गढूळ वाटलं की मला हाक मारतो. तुमची ती पहिली बाटली अजून खिडकीतच आहे. तारीख लिहून ठेवली आहे तिच्यावर, कुणाला हलवू देत नाही.

आपला,
कॉम्प्रेसर रूममधला