खतावणीत सापडलेला कपोन

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. रिटर्न भरण्याच्या गर्दीतून एव्हाना सुटला असशील, म्हणून निवांत लिहितोय. 'द अनटचेबल्स' हा सिनेमा अखेर पाहिला. ब्रायन डी पामाचा, १९८७ चा. तूही पाहा, पण त्यात तुझ्या हिशेबनिसीच्या धंद्यावर झालेला अन्याय पोटात घालून पाहा.

दारूबंदीच्या काळातलं शिकागो. एलियट नेस हा सरळमार्गी सरकारी अधिकारी तीन साथीदार जमवून अल कपोन या चोरट्या दारूच्या धंद्यातल्या गुंडाच्या मागे लागतो. शॉन कॉनरीचा म्हातारा आयरिश पोलीस काय झकास आहे! ऑस्कर त्याला उगीच नाही मिळालं. डी निरोचा कपोन बेसबॉलची बॅट घेऊन जेवणाच्या टेबलाभोवती फिरतो, तो प्रसंग मात्र जेवताना बघू नकोस. आणि स्टेशनच्या पायऱ्यांवरून घरंगळणारी ती बाबागाडी! आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' या जुन्या रशियन सिनेमावरून उचललीय हे ठाऊक असूनही मी श्वास रोखून बसलो होतो.

आता अन्यायाचं. चौघांत एक चष्मेवाला हिशेबनीस आहे. कपोनने कर भरलेला नाही, त्यावरच त्याला पकडा, असं तो बिचारा कानीकपाळी ओरडतो. दिग्दर्शक त्याच्या हाती बंदूक देतो आणि लिफ्टमध्ये त्याचा मुडदा पाडतो! खरा माणूस होता फ्रँक विल्सन, खजिना खात्यातला. शिकागोशेजारच्या सिसरो गावातल्या कपोनच्या एका जुगारअड्ड्यावर पूर्वी पडलेल्या धाडीतल्या वह्या सरकारी कपाटात धूळ खात होत्या, त्या याला सापडल्या. त्यातलं अक्षर बँकेच्या स्लिपांवरच्या अक्षराशी ताडत ताडत तो लेस्ली शमवे नावाच्या कारकुनापर्यंत पोचला, त्याला फ्लोरिडात गाठलं आणि साक्षीला उभं केलं. ज्या कपोनने बँकेत स्वतःच्या नावाचं खातंही ठेवलं नव्हतं, तो दुसऱ्याच्या अक्षरामुळे अडकला. बेकायदा कमाईवरही आयकर लागतो, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९२७ मध्ये सांगून ठेवलंच होतं.

नेसच्या धाडी खोट्या नव्हत्या हो. ट्रकला पुढे पोलादी धक्का बसवून बिअरच्या कारखान्यांचे दरवाजे तो खरोखरच फोडायचा. दारूबंदी मोडल्याचे हजारो गुन्हे त्याच्या कामामुळे कपोनवर लागले, पण तो खटला कधी चाललाच नाही. ऑक्टोबर १९३१ मध्ये शिक्षा झाली ती ११ वर्षांची, वर ५० हजार डॉलर दंड, आणि सगळी आयकरापायी. नेसला मोठेपण दिलं ते त्याच्या आठवणींच्या पुस्तकाने आणि १९५९ च्या टीव्ही मालिकेने. पुस्तक छापून येण्याआधीच, १९५७ मध्ये, तो गेला होता.

सिनेमातला न्यायाधीश ऐन खटल्यात ज्युरी बदलतो आणि वकील परस्पर गुन्हा कबूल करून टाकतो. ज्युरी खरंच बदलली होती, पण सुरुवातीलाच. आणि कपोन शेवटपर्यंत लढला. कबुलीचा घोळ घातला तो त्याच्या आधीच्या वकिलाने, मॅटिंग्लीने. तडजोड व्हावी म्हणून त्याने सरकारला लेखी कळवलं की माझ्या अशिलाला अमुक वर्षी इतकं उत्पन्न होतं. वर 'अशिलाच्या हक्कांना बाधा न आणता' असंही लिहिलं. न्यायाधीशांनी ते पत्र पुराव्यात घेतलं!

तुझा एखादा पार्टनर असं पत्र खात्याला धाडून मोकळा झाला, तर काय करशील? सविस्तर कळव, शिव्यांसकट. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मध्या