घरचे काम लपवू नका, अर्जात लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानांवर करिअर मार्गदर्शन शिबिरांच्या आणि रोजगार मेळाव्यांच्या बातम्या येऊ लागतात. त्या मी आवर्जून वाचतो, कारण वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी एकतीस वर्षे काम केले आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून आलेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. शिबिरांत व्यक्तिमत्त्व विकास, आत्मविश्वास, इंग्रजी संभाषण हे विषय असतात आणि ते असावेतही. पण जी गोष्ट मला मुलाखतीच्या टेबलावर वर्षानुवर्षे दिसत आली, तिच्याबद्दल व्यासपीठावरून कोणी बोलल्याचे माझ्या वाचनात नाही. आपला विद्यार्थी बहुधा काम करूनच आलेला असतो, आणि नोकरीच्या अर्जात तो नेमके तेच काम लपवतो.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. गुणवत्ता विभागात कनिष्ठ निरीक्षकाची जागा होती आणि भोकरदनकडचा एक बी.एस्सी. झालेला मुलगा आला होता. त्याचा बायोडाटा नेट कॅफेतून काढलेला होता. वर इंग्रजीत चार ओळींचे ‘ऑब्जेक्टिव्ह’, जे त्याला स्वतःला धड वाचता आले नाही. खाली छंद म्हणून वाचन आणि क्रिकेट. अनुभवाच्या रकान्यात ‘फ्रेशर’. विभागप्रमुखांनी दोन प्रश्न विचारून कागद बाजूला ठेवला. मी सहज विचारले की, कॉलेज सुटल्यावर दिवसभर काय करत होतास? तो खाली बघत म्हणाला, ‘काही नाही सर, गावातलं दूध संकलन केंद्र बघत होतो.’

त्या ‘काही नाही’मध्ये काय होते ते हळूहळू बाहेर आले. तो तीन वर्षे सकाळ-संध्याकाळ साठेक शेतकऱ्यांचे दूध घेत होता. फॅट लावणे (स्निग्धांश मोजणे), एसएनएफ म्हणजे स्निग्धांशाशिवायचे घन पदार्थ पाहणे, पावती देणे, दर दहा दिवसांनी प्रत्येकाचे बिल काढणे आणि त्यातून पेंडीची उधारी वजा करणे, हे सारे तो एकट्याने करत होता. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो आणि पॉइंट खाली गेला की रुपये कापले जातात, त्यामुळे तंटे रोजचेच. एखाद्याने ‘आज फॅट कमी का लागली’ म्हणून आवाज चढवला तर तो काय करायचा, हे विचारल्यावर मुलगा पहिल्यांदा मान वर करून बोलला. ‘दूध त्यांच्यासमोर परत ढवळायचं आणि मग नमुना घ्यायचा. वरवरचं घेतलं तर साय येते आणि फॅट जास्त दाखवते, तळाचं घेतलं तर कमी. नीट ढवळून घेतलं की दोनदा लावा, तीनदा लावा, आकडा तोच येतो.’

विभागप्रमुखांनी बाजूला ठेवलेला कागद पुन्हा उचलला. नमुना कसा घ्यावा, मोजमाप पुन्हा केल्यावर तेच का आले पाहिजे आणि मोजणाऱ्यावर समोरच्याचा विश्वास कसा बसतो, हे शिकवण्यासाठी आमच्याकडे नव्या निरीक्षकांचे कित्येक दिवस जात. हा मुलगा ते घरून शिकून आला होता आणि त्याने स्वतःला ‘फ्रेशर’ लिहिले होते. त्याला ती जागा मिळाली. परंतु मला त्या दिवशी समाधानापेक्षा अस्वस्थता अधिक वाटली, कारण त्याआधीच्या कित्येक वर्षांत मी अशाच कागदांवर दोन मिनिटांत शेरा मारून किती मुले परत पाठवली असतील याचा हिशोब आता लागणार नाही. ती चूक माझी होती. मुलांनी आपले काम कागदावर आणले, तर पुढच्या अधिकाऱ्याकडून ती होणार नाही, म्हणून हे पत्र.

दुसरी आठवण बीड जिल्ह्यातील एका मुलीची आहे. लेखा विभागात सहायकाची जागा होती. तिच्या शिक्षणात एक वर्षाचा खंड होता आणि कारण विचारल्यावर तिने आधी ‘आजारी होते’ असे सांगितले. थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाली की, ते खरे नाही. त्या वर्षी ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती. टोळीत हिशोब लिहू शकणारी ती एकटीच. गाडीगणिक वजनाची पावती जपून ठेवणे, कोणत्या कोयत्याचे (म्हणजे तोडणाऱ्या जोडीचे) किती टन झाले ते वहीत मांडणे, खाडे टिपणे आणि आगाऊ घेतलेल्या उचलीतून किती फिटले ते काढणे, हे काम तिच्याकडे आले. हंगाम संपताना मुकादमाच्या हिशोबात दोन खेपा कमी धरल्या होत्या. तिने पावत्या समोर ठेवून त्या मान्य करून घेतल्या. लेखा विभागाला याहून वेगळे काय हवे असते? खंडाची लाज त्या मुलीने का बाळगावी, हे मला आजही कळत नाही. खंड असेल तर कारण खरे सांगावे आणि त्या काळात हाताला काय येऊ लागले तेही सांगावे. खोटे कारण सांगितले की पुढच्या प्रत्येक उत्तरात आवाज बारीक होतो, आणि समोर बसलेल्याला ते ऐकू येते.

म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, बायोडाटा स्वतः लिहा. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत करा. ‘मेहनती, प्रामाणिक, जबाबदार’ हे शब्द प्रत्येकाच्या कागदावर असतात, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी ‘गावातील दूध संकलन केंद्रावर तीन वर्षे रोज सुमारे ६० उत्पादकांच्या दुधाची तपासणी केली व दर दहा दिवसांची बिले तयार केली’ असे एक वाक्य लिहा. मोंढ्यात मामाच्या आडतीवर बसून हिशोबपट्ट्या लिहिल्या असतील, मोसंबीच्या बागेचे ठिबक सांभाळले असेल, बचत गटाची वही लिहून आईला बँकेत नेले असेल, गणेश मंडळाची वर्गणी आणि खर्च लिहिला असेल, तर तेही लिहा. किती दिवस, किती माणसे, किती रक्कम, हे आकडे मात्र खरे असू द्या, कारण पुढचा प्रश्न त्यांच्यावरच येतो. विद्यापीठांच्या ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात किंवा बागेत काम केलेली मुले तर हमखास ते लपवतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या विचाराने श्रम आणि शिक्षण एकत्र आणले, त्या योजनेत राबलेल्या विद्यार्थ्याने त्याचा उल्लेख टाळावा, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

संगणकाबद्दलही थोडे. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र जवळपास प्रत्येक अर्जाला जोडलेले असते. आम्ही उमेदवाराला संगणकासमोर बसवून चाळीस नावांची हजेरी द्यायचो आणि प्रत्येकाचे भरलेले दिवस एक्सेलमध्ये काढायला सांगायचो. बरेच जण कॅल्क्युलेटर शोधत. आपल्या घरचा महिन्याचा खर्च किंवा कापसाच्या वेचणीची मजुरी सहा महिने एक्सेलमध्ये लिहिली तर ही अडचण राहणार नाही, आणि मुलाखतीत दाखवायला स्वतःचे काहीतरी हाताशी असेल. इंग्रजीचेही तसेच आहे. कारखान्यात दिवसभराचे बोलणे मराठी-हिंदीत चालते, अडते ते ईमेलपाशी. माल उशिरा येणार आहे, बिलात फरक आहे, उद्या रजा हवी आहे, एवढे तीन विषय पाच-सहा ओळींत नीट लिहिता आले तरी पहिले वर्ष निभावते.

घरच्या कामाला बाहेरच्या कामाची जोड द्यायची तर शिकाऊ उमेदवारीची वाट आहे, आणि ती आपल्याकडे फक्त आयटीआयवाल्यांची समजली जाते. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा पदवीधर आणि पदविकाधारकांनाही लागू आहे. ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालन्याच्या लोखंडाच्या मिला आणि बियाणे कंपन्या, लातूरच्या डाळ आणि तेल गिरण्या, एवढा परिसर आपल्या दारात असताना बी.ए., बी.कॉम.च्या वर्गात या कायद्याचे नाव कोणी घेत नाही. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही २०२४ पासून बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. अशा ठिकाणी गेल्यावर रोज संध्याकाळी चार ओळी वहीत लिहून ठेवाव्यात: आज कोणते काम केले, कोणी शिकवले, काय चुकले. मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच असे नाही, परंतु ती वही मुलाखतीत प्रमाणपत्राहून जास्त बोलते.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत बसलेल्या मुलांविषयी लिहिताना माझा हात जड होतो, कारण माझ्या घरातलाही एक मुलगा त्यात सहा वर्षे होता. परीक्षा जरूर द्यावी. पण किती वर्षे द्यायची हे पहिल्याच वर्षी आईवडिलांसमोर बसून ठरवावे आणि त्या काळात आठवड्याचे काही तास तरी कुठे ना कुठे काम करावे, म्हणजे त्या वर्षांपुढे अर्जात कोरी जागा राहणार नाही. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचा सराव दोन्हीकडे उपयोगी पडेल.

नोकरी मिळते आहे म्हटल्यावर आनंदाच्या भरात प्रश्न विचारायचे राहून जातात. नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, हातात नेमके किती पडतील, भविष्य निर्वाह निधी कापणार का आणि मालक तेवढाच १२ टक्के हिस्सा भरणार का, कामगार राज्य विमा लागू आहे का, हे नेमणूकपत्र घेताना विचारणे उद्धटपणाचे नाही. चांगला अधिकारी त्याची उत्तरे सरळ देतो. नोकरीसाठी ‘अनामत’ किंवा ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात ठेवू नयेत. ऑनलाइन पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

महाविद्यालयांनाही एक विनंती आहे. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. ते श्रेयांक कोणाच्या तरी ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून पुरे करण्याची सवय सुरुवातीलाच लागू देऊ नये. प्रत्येक प्राध्यापकाने पहिल्या वर्षाची वीस मुले वाटून घ्यावीत, प्रत्येकाला ‘तू घरी आणि गावात कोणकोणती कामे करतोस’ एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर त्याच्याकडूनच लिहून घ्यावे. तिसऱ्या वर्षी तोच कागद पुढे घेऊन बायोडाटा करावा. यासाठी निधी लागत नाही, समिती लागत नाही आणि शहरातून वक्ता बोलवावा लागत नाही. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांमुळे अनेक महाविद्यालयांत एकेका शिक्षकावर किती भार आहे याची मला कल्पना आहे; तरीही वर्षातून दोन तास निघू शकतील असे वाटते.

छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतील ज्या महाविद्यालयांना हे करून पाहायचे असेल, तेथे मी शनिवारी स्वखर्चाने येण्यास तयार आहे. मुलांनी छापील बायोडाटा आणू नये, कोरे कागद आणि पेन आणावे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. प्राचार्यांनी मागितल्यास तो त्यांना कळवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी
सिडको, छत्रपती संभाजीनगर