बस्ते विश्रामबागेला चाललेत

सांगली, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

आई, आधी तुझा गुडघा. टाके निघाले, तू वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातेस, हे ताईनं सांगितलं. ओट्याशी उभं राहून भाकरी थापल्यास, हे दाजींनी सांगितलं. त्याबद्दल खाली बोलते.

बाबा, बाकीचं पत्र तुमचं आहे. फोनवर सांगायला लागले की तुम्ही "हं, हं" करता आणि गाडी तारखांवर नेता. शिवाय कानाचं मशीन डबीत. रोज सकाळी आपल्या कारकून अण्णांना फोन करून कोर्टातला दिवसाचा बोर्ड विचारता ना, तेव्हा हल्ली ते मध्येच गप्प होतात. त्यांच्यावर चिडू नका. मीच त्यांना सांगितलं होतं, बाबांना यातलं मी सांगेन.

तर, राजवाडा चौकातलं ऑफिस या महिनाअखेरीला सोडतेय. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली आहे. आणि आपल्या वकील संघटनेतल्या त्या दोन वकिलांबरोबर भागीदारी केली आहे. करारावर सह्या झाल्या. हा परवानगीचा अर्ज नव्हे, कोर्टाला नुसतं कळवायला देतात तशी पुरसीस समजा. तुम्ही पुण्याहून ताईकडून परत येईपर्यंत थांबले असते तरी तुम्ही नाही म्हणाला नसतात, एवढं मला माहीत आहे. नुसते गप्प बसला असतात. मग माझ्याच्यानं ते झालं नसतं.

कारणं तुम्हाला तोंडपाठ आहेत, तरी लिहिते. कोर्ट विजयनगरला गेल्यापासून आपण गावभागातून तिकडे नुसते पळतोय. आणि पाणी. 2005 च्या पुरानंतर तुम्ही दाव्यांच्या कागदांचे सगळे बस्ते एक फळी वर घेतलेत. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली आणि ती फळीही गेली. नंतर ओसरीवर दोऱ्या बांधून आपण वकीलपत्रं वाळत घातली होती. आई, तुझी इस्त्री अण्णांनी घेतली होती, आठवतं? एकेका कैफियतीवर वर्तमानपत्र ठेवून, त्यावरून हलक्या हातानं फिरवत होते. कोर्टाच्या निशाणीचा शिक्का फुटला की कपाळावर हात मारायचे. 2021 च्या जुलैत परत तेच ओझं शेजारच्यांच्या माळ्यावर चढवलं. बाबा, आता मला दर श्रावणात नदीची पातळी बघत झोपायचं नाही.

दुसरं कारण तुम्हीच आहात. हायकोर्टाच्या बेंचसाठी काळ्या फिती लावल्यात, कामकाजापासून अलिप्त राहिलात, आईच्या भाषेत फुकटचे उपास केलेत. ते 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला बसलं. सहा जिल्ह्यांची कामं तिथं चालतात आणि आपल्याला ते तासा-दीड तासावर आहे. जतचा माणूस अपिलासाठी महालक्ष्मीनं मुंबईला जायचा, एक रात्र गाडीत, एक रात्र कुणाच्या तरी ओळखीनं, आणि मॅटर बोर्डावर पोहोचायचंच नाही. तुम्हीही तसेच जायचात. पहाटे आईबरोबर मी स्टेशनवर यायची. तुमच्या कोटाला गाडीचा वास असायचा आणि खिशात माझ्या लिमलेटच्या गोळ्या. घरापर्यंत कोट मीच धरायची, जमिनीवर लोळवत. आता बेंच दारात आलंय आणि आपल्या ऑफिसचं तिथं कुणी नाही, हे तुम्हालाच चाललं नसतं. म्हणून आठवड्यातले काही दिवस मी कोल्हापूरला असेन. इथलं दिवाणी ते दोघं बघतील. एकटीनं हे दोन्हीकडचं ओढता आलं नसतं, खरंच नाही.

जागेचं सोपं होतं, माणसांचं अवघड गेलं. अण्णांना सगळ्यात आधी सांगितलं, एकटं बसवून. ते काहीच बोलले नाहीत. पुढे बरेच दिवस चारचा चहा टेबलावर तसाच निवायचा. मग त्यांच्या सुनेकडून कळलं, त्यांनी मनाशी धरलं होतं की स्कॅनिंगला पोरगा आणलाय म्हणजे आता आपल्याला घरी बसवणार. मी त्या पोराची खुर्ची अण्णांच्या टेबलाला लावली आणि सांगितलं, अण्णांनी बघितल्याशिवाय एक कागद मशीनमध्ये जाणार नाही. पहिल्याच दिवशी तो तासगावच्या वाटपाच्या दाव्यातले फेरफार सटासट काढत होता. अण्णांनी त्याचा हात धरला. "लेका, उलटून बघ. खरी गंमत मागं हाय." मागच्या बाजूला कुणा जुन्या तलाठ्याची नोंद होती, आणि मशीन एकच बाजू घेत होतं. आता प्रत्येक कागदाची पाठ घ्यायची हा नियमच झालाय. चहाही पिऊ लागलेत.

1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे आले तेव्हाही ते असेच हबकले होते. इतकी वर्षं कलम 482 म्हटलं की हायकोर्टात गुन्हा रद्द करायचा अर्ज, आणि आता 482 म्हणजे अटकपूर्व जामीन. रद्द करायचं गेलं 528 ला. तुम्ही तेव्हा म्हणालात, आता या वयात आम्हाला पाढे बदलायला लावले. अण्णांनी मात्र लाल शाईनं जुन्या-नव्या कलमांचा तक्ता लिहून कपाटाच्या दाराला आतून डकवला. ज्युनियर पोरं त्यांची नजर चुकवून तिथंच बघून येतात. पक्षकार अजून भावकीला चारशे वीसच म्हणतात. फसवणुकीचं नवं कलम 318 म्हटलं तर शिवी लागत नाही.

तुम्ही सांगितलं होतंत, अण्णाला वाटा दे. बाबा, ते करता येत नाही, तुम्हीही जाणता. वकिलाला आपली फी वकील नसलेल्याबरोबर वाटून घेता येत नाही, बार कौन्सिलचाच नियम आहे. म्हणून पगार वाढवलाय, त्यांच्या नावानं मुदत ठेव केली आहे आणि ऑफिसातल्या सगळ्यांचा आरोग्यविमा काढलाय. तुमचा शब्द मी कायद्यात बसेल तेवढा पाळलाय.

टायपिंगच्या मावशींना हरिपूरहून विश्रामबाग लांब पडतं, त्यांना साडेपाचला सोडायचं ठरलं. टायपिंगची जुनी श्रीलिपी सुटणार म्हणून त्या रडकुंडीला आल्या होत्या. मग कळलं की युनिकोडमध्येही रेमिंग्टनचा कीबोर्ड घेता येतो. बोटं जुनीच चालतात. हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्यांची निम्मी झोप वाचली असती.

ज्युनियरच्या पैशांवरून तुम्ही रागवाल, ते आताच सांगून टाकते. 2024 च्या ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियानं शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 दरमहा द्यावेत असं सुचवलं. आम्ही 15,000 देतोय. "शिकायला मिळतं, वर पैसे कसले," हे मला माहीत आहे. पण तुम्हाला आजोबांचं धान्य गावाकडून यायचं. कडेगावची ती पोर खोलीचं भाडं भरून कोर्टात येते, तिला कोण पाठवणार? एकजण तरीही गेला, पुण्याला. चांगलं शिफारसपत्र देऊन पाठवलं.

आता तुमच्या वस्तू. पितळी पाटी घासून नव्या ऑफिसात आत शिरल्या शिरल्या लावली आहे, नव्या पाटीवरही तुमचं नाव पहिलं. खुर्चीचा वेत नवा विणून घेतला. ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहाचे ज्यांत तुमच्या पेन्सिलच्या खुणा आहेत ते सगळे खंड ठेवले, बाकीचे लॉ कॉलेजच्या लायब्ररीला देतोय. पुरात फुगलेले होते ते मात्र गेले, त्यांचं विचारू नका.

आणि नवं ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटं आहे. लिफ्ट लाईट गेली तरी चालते, मी मुद्दाम बघितलं. तुम्ही अकराला यायचं, पेपर वाचायचा, ज्युनियरची उलटतपासणी घ्यायची आणि एकला जेवायला घरी. सातबारा चाळत अडीच वाजवायचे नाहीत. आई, घरी न्हाणीघरात दांडे बसवले, कमोड उंच केला, तुझा पलंग खाली आणला. देवघर पाटावरून टेबलावर घेतलंय, तू खाली बसणार नाहीस म्हणून. देवांना चाललं, तुला चालेल. मी कोल्हापूरला असेन त्या रात्री कामाच्या मावशी मुक्कामाला असतील, त्यांना ज्वारीची भाकरी तुझ्यासारखी जमत नाही, पण जमते.

तर भाकरी. आई, ताईच्या घरात तू पाहुणी आहेस, पाहुणीसारखी बस. फिजिओथेरपिस्ट आला की "काल केलं" म्हणून त्याला फसवू नकोस. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधी, नंतर नाही. मशीन कानात, डबीत नाही. आणि कोथरूडचा रस्ता दाजींशिवाय ओलांडायचा नाही, तिथं तुम्हाला वकीलसाहेब म्हणून कुणी थांबणार नाही. परत येताना रेल्वे नको, मी गाडी घेऊन येते.

एक काम आहे. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणाची किल्ली इथं कुठंच नाही, म्हणजे तुमच्या काळ्या पाकिटात असणार. त्यात लोकांची मूळ मृत्युपत्रं आहेत, अण्णा म्हणतात खण फोडायचा नाही. कुरिअरनं पाठवू नका. दाजी शनिवारी मिरजेला येतायत, त्यांच्या हातात द्या. अण्णा स्टेशनवर येतील घ्यायला.

तुमची,
धाकटी