ताई, एका ओळीत न मावलेले आभार

आदरणीय ताई,

एम.फार्म.चा प्रबंध जमा झाला. आभाराच्या पानावर तुमचं नाव आहे, पण एका ओळीत. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

तुम्ही यावलच्या, मी चोपड्याची, एवढीच ओळख. तरी पुण्यातली नोकरी सांभाळून रात्री फोन उचलायचात आणि पहिला शब्द असायचा, "काय व्हयनं?" तिथेच निम्मं दडपण उतरायचं.

मेंदूतल्या ग्लुटामेट या निरोप्या रसायनाचे रिसेप्टर (चेतापेशीवरची, त्याचा निरोप घेणारी प्रथिनं) जास्त काम करतील असं संयुग प्रबंधासाठी शोधायचं, तर सरळ ग्लुटामेटसारखाच रेणू का नको, असं मी विचारलं होतं. तुम्ही आधी मेंदू-संशोधक ओल्नींचं 1969 चं काम वाचायला लावलंत. जास्तीच्या ग्लुटामेटनं चेतापेशी मरतात, हे त्यात स्वच्छ दिसतं. मग म्हणालात, "केळीत ठिबकचा दाब सगळीकडे वाढवला तर नळ्या फुटतील. ज्या ओळीला पाणी कमी पडतंय, तिचाच व्हॉल्व्ह थोडा उघड." अ‍ॅलोस्टेरिक म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं. असा रेणू ग्लुटामेटच्या जागेवर बसत नाही, दुसरीकडे बसतो. ग्लुटामेट आणि त्याच्या जोडीला लागणारं ग्लायसिन आले तरच तो त्यांचा परिणाम वाढवतो, एरवी गप्प.

निवडकपणा, म्हणजे हव्या त्याच प्रकारावर काम करणं, मात्र खरा कस पाहतो. एनएमडीए या ग्लुटामेटच्या रिसेप्टरच्या 2ए, 2बी, 2सी, 2डी या चारही उपघटकांत ग्लुटामेटची जागा जवळपास सारखीच, म्हणून वेगळी जागा शोधावी लागते. एमरी विद्यापीठाच्या गटानं 2010 मध्ये मांडलेलं सीआयक्यू हे संयुग 2सी आणि 2डीचा प्रतिसाद साधारण दुप्पट करतं, 2ए-2बीला हात लावत नाही. तो रेणू तुम्ही माझ्याकडून वहीत काढून घेतलात. सहा आणि सात नंबरवर मेथॉक्सी, पलीकडच्या फिनाइल कड्यावर तिसऱ्या जागी क्लोरिन. "क्लोरिन इथंच का? एक घर सरकवला तर?" हे विचारून तुम्ही थांबलात. उत्तर दिलं नाहीत, याचे विशेष आभार. माझ्या डॉकिंगचं (रेणू रिसेप्टरवर कसा बसेल ते संगणकावर पाहण्याचं) अख्खं प्रकरण त्याच प्रश्नातून निघालं.

फिनसायक्लिडिन आणि केटामिन ही औषधं एनएमडीए रिसेप्टर अडवतात, तेव्हा निरोगी माणसातही स्किझोफ्रेनियासारखी लक्षणं दिसतात. त्या आजारातला विसराळूपणा, विचारांचा गोंधळ यांवर आजच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. हे काम कुणासाठी करायचं, ते तुम्ही दर वेळी सांगायचात.

आता 2एकडे वळतेय. रविवारी फोन करेन, प्रश्न बरेच आहेत.

तुमची,
चोपड्याची विद्यार्थिनी