नागेचं पाणी अंभोऱ्याला पोचतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाग नदी स्वच्छतेच्या जवळपास दोन हजार कोटींच्या प्रकल्पाबद्दल आपल्या वृत्तपत्रात वरचेवर वाचते. सगळी चर्चा नागपुरातल्या काठांची. ही घाण पुढे कोणाच्या दारात जाते, याचा उल्लेख मात्र क्वचितच येतो, म्हणून हे पत्र.

लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघालेली नाग शहर ओलांडून कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत. पाच नद्यांचा तो संगम. चैतन्येश्वराच्या दर्शनाला आम्ही लग्नानंतर दरवर्षी जातो. पूर्वी डोंग्यात बसल्यावर हात पाण्यात सोडायचो, मुलांना ओंजळीने प्यायलाही द्यायचो. यंदा डोंगेवाले काका म्हणाले, ‘‘हात नका घालू जी बाई, आंग खाजवते.’’ त्यांच्या पोटऱ्यांवर खाजवून खाजवून काळे चट्टे पडले होते. काठावर त्यांचा मुलगा जाळ्यातली जलपर्णी हातांनी सोडवत होता. पाऊण तास मी बघत होते. शेवटी जाळं दोन ठिकाणी फाटलं आणि तळाशी निघाले मूठभर झिंगे. एवढ्यात पाच माणसांचं घर कसं चालायचं?

यात कोडं काहीच नाही. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचं खतच. खाली वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणामुळे पाणी तुंबलेलं, त्यामुळे ती फोफावते. तिच्या थराखाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासा टिकत नाही. मग ढिवराचं जाळं, त्याच्या लेकरांच्या ताटातलं कालवण, घरातली शांतता, सगळंच हळूहळू जातं. जगभरातल्या तेराशेहून अधिक तज्ज्ञांनी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने केलेला परिसंस्थांचा अहवाल २००५ साली आला. निसर्ग माणसाला जे देतो, त्यातल्या २४ गोष्टी त्यांनी तपासल्या; १५ खालावत चालल्याचं आढळलं. ताजं पाणी आणि मासळी त्या पंधरांत आहेत. याची झळ गरिबाला आधी लागते, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. अंभोऱ्याला मी तेच डोळ्यांनी पाहिलं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागेचं पाणी आपल्या घरांत शिरलं, तेव्हा सारं शहर हादरलं. ते हादरणं खरंच होतं, माझ्या नणंदेचं अख्खं स्वयंपाकघर चिखलात गेलं. पण तीच नाग तिकडे बारा महिने घरात शिरते आहे आणि त्याचा पंचनामा होत नाही.

माझं मागणं मोजकं आहे. प्रकल्पाच्या देखरेखीत अंभोरा-पवनी पट्ट्यातल्या मच्छीमार संस्थांची माणसं घ्या. संगमावरच्या पाण्याची दर महिन्याला तपासणी करा आणि आकडे गावच्या चावडीवर मराठीत लावा. आणि आपला एखादा वार्ताहर एकदा सकाळी सहाला तिथल्या काठावर पाठवा. जाळी त्या वेळी बाहेर निघतात.

आपली,
एक वाचक, नंदनवन, नागपूर