आईचे सोलाणे

दादर, मुंबई
२० जुलै

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

आईच्या हाताविषयी तू विचारलेस, म्हणून सविस्तर लिहितो. संधिवाताने तिच्या उजव्या अंगठ्याचे मूळ धरले आहे. ती तक्रार करीत नाही, त्यामुळे मला ते उमगले घरातून दुधी आणि कच्ची केळी नाहीशी झाल्यावर. "हल्ली आवडत नाही," एवढेच ती म्हणे. शेवटी एका सकाळी ओट्यापाशी उभा राहून मी तिला बटाटे सोलताना नीट पाहिले. सोलाण्याची धार उत्तम होती. दुखणे होते मुठीत, म्हणजे जिला मूठ म्हणणेही धाडसाचे ठरावे अशा वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीत. ती ओल्या हातातून निसटू नये म्हणून आई बोटे आवळून धरी, आणि चिमटीत १ किलोचा जोर लावला की अंगठ्याच्या मुळाशी सुमारे १२ किलोंचा दाब पडतो, हे तर अभ्यासकांनी मोजूनच ठेवले आहे.

अमेरिकेतल्या सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांचीही हीच अडचण होती. फार्बरांनी स्मार्ट डिझाइन या संस्थेकडून जाड, मऊ मुठीची अवजारे घडवून घेतली आणि १९९० साली ती ऑक्सो या नावाने बाजारात आणली. तिथल्या अभिकल्पकांनी सुरुवातीला सायकलच्या हँडलची रबरी मूठ वापरून पाहिली होती, हे कळताच मी थेट सायकलवाल्याकडे गेलो. तसले सोलाणे विकत मिळते, हे मलाही ठाऊक आहे; पण आईचा हात जुन्याच पात्यावर बसलेला, आणि "चांगले आहे ते टाकायचे कशाला?" या प्रश्नापुढे आपल्या घरात कोणाचे चालले आहे?

पहिला प्रयत्न फसला. पट्टी रबराच्या पोकळीत खुळखुळत होती, आणि या पावसाळी हवेत आत साचलेल्या पाण्याला चार दिवसांत कुबट वास सुटला. मग पोकळीत एम-सील ठासून भरले आणि ते घट्ट होण्यापूर्वी मूठ दोन फळ्यांमध्ये दाबून किंचित चपटी केली, कारण गोल मूठ हातात फिरते आणि ती फिरू नये म्हणून बोटे पुन्हा आवळावीच लागतात. जाडी किती असावी, हे मात्र आईच्या हातानेच ठरवले. माझ्या तळहाताला जी बरोबर वाटली होती, ती तिला मुसळासारखी वाटली.

परवा तिने आपण होऊन दुधी आणायला सांगितला. सोलून झाल्यावर कौतुक ऐकायला मी तिथेच रेंगाळलो होतो, तर तिने सोलाणे उलटसुलट करून विचारले, "याचे भोक कुठे गेले?" पट्टीच्या टोकाचे ते भोक एम-सीलखाली बुजले होते, आणि चाळीस वर्षे ज्या खिळ्याला सोलाणे टांगले जात होते तो खिळा रिकामा होता. सध्या तिने मुठीला सुतळीचा फास बांधला आहे. तो ओला राहतो, म्हणून रविवारी बारीक ड्रिल घेऊन बसणार आहे.

तुझा,
श्रीधर