दिगूच्या घरावरचे देणे: मित्रास पत्र

कोल्हापूर,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दिगूचे वडील गेल्याचे कळताच तू मस्कतहून पैसे पाठवायला निघाला होतास आणि मी तुला "जरा थांब" म्हणालो, ते तुला रुचले नसणार. त्या वेळी मी त्यांच्याच घरी होतो आणि काकू पलीकडच्या खोलीत बसल्या होत्या, त्यामुळे कारण सांगता आले नाही. ते आता सविस्तर लिहितो.

काकांना मेंदूत रक्तस्राव झाला तो मध्यरात्री. जवळ जे खासगी रुग्णालय होते तिथे नेले, आणि त्या परिस्थितीत कुणीही तेच केले असते. अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर, रोजच्या तपासण्या आणि औषधे असे करत बिल ४,७०,००० रुपयांवर गेले. रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नव्हते. जुलै २०२४ पासून या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते योजनेतल्या रुग्णालयात आणि तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसामार्फत, म्हणजे आरोग्यमित्रामार्फत, आधी मंजुरी घेतली तरच. खिशातून भरलेले पैसे मागाहून परत मिळत नाहीत. धर्मादाय रुग्णालय असते तर वर्षाला ३,६०,००० पर्यंत उत्पन्न असलेल्या घराला राखीव खाटांवर सवलतीच्या दरात उपचार मागता आले असते, पण हे ट्रस्टचे रुग्णालयही नव्हते. तुझे आईवडील इथे एकटे आहेत म्हणून मुद्दाम लिहितो: घराजवळची कोणती रुग्णालये योजनेत आहेत ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवायला त्यांना सांग.

आता पैसे कुठून आले ते बघ. मुदत ठेव मोडून १,२०,००० उभे केले. काकूंचे दागिने बँकेत तारण ठेवून १,४०,००० आले. मामा आणि मावशीने मिळून ६०,००० दिले. उरलेले १,५०,००० शेवटच्या रात्री आले, आणि माझी सगळी काळजी त्याच रकमेची आहे. काका गेल्यावर रुग्णालयाच्या काउंटरवरून सांगण्यात आले की, बाकी भरा, मग मृतदेह ताब्यात मिळेल. असे अडवता येत नाही. राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद आली आणि बिलापायी मृतदेह अडवून ठेवण्याला तिच्यात मनाई आहे. पण रात्री अकरा वाजता, बाप गेलेल्या मुलाला नियम कोण वाचून दाखवणार? मामांनी ओळखीच्या एका खासगी सावकाराकडून दीड लाख उचलले. दर शेकडा पाच, म्हणजे महिन्याला ७,५०० रुपये नुसते व्याज, आणि दिगूचा पगार १६,००० आहे.

परवाना असलेल्या सावकारालाही विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. हा माणूस वर्षाला ६० टक्के लावतो आणि परवान्याचा तर प्रश्नच नाही. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करता येते, हे मी काकूंना सांगितले. त्या म्हणाल्या, "अडीअडचणीला दारात उभा राहिला, त्याच्यावर कशाला तक्रार करायची?" त्यांच्याशी वाद घालण्याची ही वेळ नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, आपल्या पाच मित्रांची मदत घरखर्चाला किंवा कार्याला न लावता सर्वांत आधी या दीड लाखाला लावायची. प्रत्येकी ३०,००० आले की ते देणे एका दिवसात मिटते. तू पाठवणार होतास ते २०,००० त्या आठवड्यात दिगूच्या हातात पडले असते, तर किराणा, पाहुणे आणि रिक्षात विरून गेले असते आणि व्याज होते तसेच चालू राहिले असते.

अंत्यविधीच्या खर्चाचे तू विचारले होतेस. कोल्हापुरात राहून आपल्याला ज्याचे फारसे कौतुक वाटत नाही ती गोष्ट अशा वेळी कळते. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका दहनाचे पैसे घेत नाही. शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, दहन होते आणि होळीला पेठापेठांतून लोक त्यासाठी शेणी दान करतात. आपणही लहानपणी होळी लहान करून शेणींनी भरलेल्या हातगाड्या ढकलल्या आहेत. त्यामुळे दहनाचा खर्च जवळजवळ नव्हताच. खर्च असतो तो पुढच्या दिवसांचा. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झाले आणि लगेच चुलत्यांनी बाराव्याच्या जेवणाची यादी काढली: तीनशे पाने, मांडव, आचारी, पाहुण्यांना टॉवेल-टोपी. अंदाज सत्तर हजारांचा होता आणि ते पैसे कोण देणार यावर कुणी बोलत नव्हते. काकू तोपर्यंत गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, "बाराव्याला जेवणारे तेराव्याला हप्ता भरायला येणार आहेत का?" त्यानंतर यादी घडी करून चुलत्यांच्या खिशात गेली. विधी घरच्या माणसांपुरता झाला. गल्लीतून पाळीपाळीने पिठलं-भात येत होता, तालमीने खुर्च्या आणि ताडपत्री दिली आणि भाड्याचा विषयही काढला नाही. त्या खुर्च्यांवर बसून "साहेबांचं कार्य साधंच झालं" असे म्हणणारेही दोघे-चौघे भेटले; त्यांना मी चहा दिला.

आता तू सुचवलेल्या ऑनलाइन मदतीच्या आवाहनाविषयी. तुझा हेतू चांगला आहे आणि उपचार चालू असते तर मी स्वतः ते केले असते. पण आज ते टाकायचे म्हणजे नळ्या लावलेल्या काकांचा फोटो शेकडो फोनवर फिरणार. दिगूची बहीण कॉलेजला जाते, तिच्या वर्गातल्या मुलींच्या फोनवरही तो जाईल. दिगूला मी हे हळूच विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "उसने दे, मदत म्हणून देऊ नको." हा शब्द आपण पाळू. पाचजणांनी बिनव्याजी उसने म्हणून द्यायचे आणि रक्कम बँकेतूनच पाठवायची, कारण उसनवारी २०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीने घेणे आयकराच्या नियमात बसत नाही. वर कुणाला काही द्यायचे असेल तर बहिणीच्या पुढच्या वर्षाची फी परस्पर कॉलेजात भरता येईल. तेवढ्याला दिगू नाही म्हणणार नाही असे वाटते.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट सांगतो, आणि तिच्यामुळे उसने हा शब्द मला पोकळ वाटत नाही. काकांच्या बँकेचे पासबुक काकूंनी साडीच्या खोक्यात, दवाखान्याच्या पावत्यांखाली ठेवले होते. मेच्या अखेरीच्या नोंदी पाहताना एकाखाली एक दोन लहान रकमा दिसल्या, एक २० रुपयांची आणि दुसरी ४३६ ची. वीस रुपयांचा विमा अपघाताचा असल्यामुळे तो इथे लागू नाही. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, दोन लाखांचा, मृत्यू कोणत्याही कारणाने झालेला असला तरी. त्यात पन्नाशीपर्यंत शिरता येते आणि संरक्षण वयाच्या पंचावन्नपर्यंत चालते. काका चोपन्न वर्षांचे होते. घरात कुणालाच हे ठाऊक नव्हते. बँकेने कधीतरी सही घेतली असणार आणि काकाही विसरून गेले असणार. दाव्याचा अर्ज शाखेत दिला आहे.

दुसरे पैसे भविष्यनिर्वाह निधीचे. काका शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर होते आणि शेवटपर्यंत नोकरीत होते. पगार २१,००० च्या वर गेल्यामुळे त्यांचे ईएसआय, म्हणजे कामगार विमा, सुटले होते. नाहीतर उपचारही झाले असते आणि अंत्यविधीचे १५,००० ही मिळाले असते. त्या वेळी पगारवाढीचे पेढे आपणही खाल्ले होते. पीएफ मात्र चालू होता, आणि पीएफबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो. त्याचा हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून काहीच कापले जात नाही, म्हणून बहुतेक घरांना तो असतो हेच माहीत नसते. सरासरी पगाराच्या ३५ पट, त्यात पगार १५,००० पर्यंतच धरायचा, आणि वर पीएफमधल्या शिलकेचा काही भाग, असे मिळून जास्तीत जास्त ७ लाख. काकांच्या बाबतीत पाच लाखांच्या वर जाईल असा माझा हिशेब आहे. शिवाय काकूंना विधवा पेन्शन, आणि बहिणीलाही पंचवीस वर्षांची होईपर्यंत काही रक्कम.

अडचण नावाची आहे. आधारवर काकांचे पूर्ण नाव आहे, आणि पीएफच्या नोंदीत कुणीतरी हाक मारायचे अर्धेच नाव घातले आहे. मृत्यूची नोंद मी एकवीस दिवसांच्या आत करून घेतली आणि दाखल्याच्या बऱ्याच प्रती काढल्या, कारण प्रत्येक खिडकीवर मूळ प्रत मागतात. नावाच्या दुरुस्तीसाठी कंपनीच्या सहीशिक्क्याचा अर्ज लागतो. कंपनीचे हिशेबनीस चांगले आहेत, पण घाईचे नाहीत. सगळे सुरळीत झाले तरी पैसे हातात यायला काही महिने जातील, आणि तेवढ्याच महिन्यांचा भार आपण उचलायचा आहे. ईडीएलआयची रक्कम आली की आधी दागिने सोडवायचे, मग आपले पैसे, असा क्रम मी दिगूला सुचवला आहे. तो उलटा क्रम धरून बसला आहे. तू फोन केलास तर माझी बाजू घे.

एक छोटी गोष्टही जमली. न उघडलेल्या इंजेक्शनांची पिशवी बिलासकट त्याच मेडिकलमध्ये घेऊन गेलो. आधी तो नाही म्हणाला, मग बॅच नंबर जुळवून ३,४०० रुपये परत दिले. काकूंनी त्यातून वीजबिल भरले.

दिगूशी बोलताना पैशांचा विषय तू काढू नकोस, काकांविषयी बोल. फाउंड्रीतून आल्यावर ते आपल्याला सायकलवरून रंकाळ्यावर न्यायचे, ते त्याला आठवायला हवे आहे आणि इथे प्रत्येकजण त्याच्याशी फक्त कागदांविषयी बोलतो. काकूंना दुपारी तीननंतर फोन कर. सकाळी घरात माणसे असतात.

सावकाराला या महिन्याच्या अखेरीस पूर्ण रक्कम देऊन लेखी पावती घ्यायची आणि मामांनी सही केलेला कोरा धनादेश परत मागायचा, असे मामांशी ठरले आहे. तुझे तीस हजार वीस तारखेपर्यंत येतील का ते कळव. उशीर होणार असेल तर तेवढ्यापुरते मी पतसंस्थेतून काढतो.

तुझा,
विजय